आईला पाच, भावाला वीस: वयानुसार मानसोपचाराच्या गोळ्यांचे गणित का बदलते

प्रश्न थोडक्यात असा. आईंचे वय ७४, वजन ४६ किलो. भाऊ २७ वर्षांचा, वजन ७० किलो. दोघांनाही नैराश्याचे निदान झाले आहे आणि एकाच डॉक्टरांनी दोघांनाही एस्सिटालोप्रॅम दिले आहे. भावाला १० मिलिग्रॅमने सुरुवात करून चार आठवड्यांनी २० केले. आईंना मात्र ५ वर ठेवून ‘पुढे फार तर १०’ असे सांगितले. शिवाय अकरा वर्षे चालू असलेली अल्प्राझोलामची झोपेची गोळी हळूहळू बंद करा म्हणतात. म्हातारे माणूस म्हणून आईंच्या उपचारात हात आखडता घेतला जातोय का, अशी तुमची शंका आहे.

तसे नाही. ५ ने केलेली सुरुवात बरोबर आहे आणि १० ची मर्यादाही बरोबर आहे. चूक होईल ती पुढे, आईंना महिनोन्‌महिने ५ वरच ठेवून दिले तर. वयस्कांच्या बाबतीत चुका दोन्ही बाजूंनी होतात. कुणाला पहिल्याच दिवशी तरुणाचा डोस दिला जातो, तर कुणाला घाबरत घाबरत इतका कमी दिला जातो की औषध चालू आहे एवढेच समाधान. ही दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही, कारण तिच्यात कोणी पडत नाही, फक्त बरे होत नाही.

आणि ‘तरुणाला काय होतंय, त्याला चालतो मोठा डोस’ हेही खरे नाही. भावाचे धोके कमी नाहीत, वेगळे आहेत. त्याकडे नंतर येतो.

आधी शरीराचा हिशेब. समजा दोघांच्याही रिपोर्टवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम जोखायला रक्तात मोजतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९ आले आहे आणि लॅबने पुढे ‘नॉर्मल’ छापले आहे. आता १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, आणि आलेल्या आकड्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे इथे ६४.८ ने भागा. रुग्ण स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. भावाचे ११३ × ७० ÷ ६४.८, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला साधारण १२२ मिलिलिटर रक्त साफ करते. आईंचे ६६ × ४६ ÷ ६४.८ × ०.८५, म्हणजे ४०. रिपोर्टवरचा आकडा एकच, पण मूत्रपिंडाच्या क्षमतेत तिपटीचा फरक. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. वयाबरोबर स्नायू झडले की ते मुळातच कमी बनते, त्यामुळे मूत्रपिंड थकलेले असले तरी रक्तात साठलेले दिसत नाही. एस्सिटालोप्रॅम मुख्यतः यकृतातून जाते, त्यामुळे या ४० ने त्याला फारसा फरक पडत नाही. पण लिथियम, प्रिगॅबालिन, डेसव्हेनलाफॅक्सिन, ॲमिसल्प्राइड ही मूत्रपिंडातून बाहेर पडणारी औषधे आहेत. ती देताना वय नव्हे, हे उत्तर पाहायचे असते.

दुसरी गोष्ट चरबीची. वजन तेच राहिले तरी वयाबरोबर शरीरातले पाणी घटते आणि चरबीचा वाटा वाढतो. डायझेपाम हे आईंच्या अल्प्राझोलामच्याच गटातले, चरबीत मुरणारे औषध आहे. विशीत ते रक्तात निम्मे व्हायला सुमारे २० तास लागतात, ऐंशीच्या घरात ८० ते ९०. कुठलेही औषध रोज घेतले की रक्तातली पातळी स्थिर व्हायला असे पाच अर्धकाळ जावे लागतात. म्हणजे विशीतल्या मुलात चार-पाच दिवस, आजोबांमध्ये सतरा-अठरा. म्हणूनच ‘पहिले आठ दिवस गोळी छान लागू पडली’ असे सांगणाऱ्या घरातले आजोबा तिसऱ्या आठवड्यात बाथरूममध्ये पडतात, आणि पडण्याचे खापर फरशीवर फुटते. यकृताची रासायनिक मोडतोड करण्याची एक पद्धत वयाबरोबर मंदावते, तर औषधाला साखरेचा रेणू जोडून बाहेर टाकण्याची पद्धत बरीच टिकून राहते. लोराझेपाम आणि ऑक्झाझेपाम या दुसऱ्या वाटेने जातात, म्हणून या गटातले काही द्यायचेच झाले तर वयस्कांत यांचा विचार आधी होतो. एस्सिटालोप्रॅमची रक्तातली मात्रा वयस्कांत तेवढ्याच डोसला सुमारे दीडपट भरते. १० ची मर्यादा आली ती यातून आणि हृदयाच्या क्यूटी अंतरावरून (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा, ईसीजीत दिसणारा वेळ; तो फार लांबला तर ठोके बिघडू शकतात). हे औषध डोसच्या प्रमाणात ते अंतर लांबवते.

पण खरे सांगायचे तर वयस्कांत निम्म्या अडचणी मानसोपचाराच्या गोळीमुळे होत नाहीत, तिच्या शेजारी डब्यात असलेल्या गोळ्यांमुळे होतात. तुम्ही लिहिलेली यादी पाहा: टेल्मिसार्टन-एच, ॲस्पिरिन ७५, पॅन्टोप्रॅझोल-डी, अल्प्राझोलाम ०.५, आणि ‘गुडघे दुखले तर’ एसेक्लोफेनॅक. आपल्याकडे औषधाच्या नावामागच्या अक्षराकडे कोणी बघत नाही. पट्टी उलटी करून बारीक अक्षरांतले घटक वाचा. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवीवाटे मीठ घालवणारे. डी म्हणजे डोमपेरिडोन, तेही क्यूटी लांबवते. ‘प्लस’ किंवा ‘फोर्टे’ म्हणजे आत आणखी काहीतरी आहे. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेल्या पट्ट्या आपल्याकडे सर्रास मिळतात आणि वयस्कांसाठी त्या मला अजिबात पसंत नाहीत. एकाचा डोस वाढवला की दुसऱ्याचा आपोआप वाढतो, आणि गोळी एकदम बंद केली की दोन्ही एकदम बंद होतात. आईंची एस्सिटालोप्रॅमची पट्टी साधी आहे ना, हे आजच पाहून घ्या.

या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सोडियमची. एस्सिटालोप्रॅमच्या गटातल्या सर्वच गोळ्या मेंदूतून पाणी धरून ठेवणारे संप्रेरक जास्त सोडायला लावू शकतात. शरीरात पाणी साठते आणि रक्तातले सोडियम पातळ होते. तरुणात हे क्वचित घडते. वय जास्त, स्त्री, वजन कमी आणि सोबत थायाझाइड (म्हणजे तो ‘एच’), अशा चारही गोष्टी जिथे जमतात तिथे ते सहज घडते, आणि आईंमध्ये त्या चारही आहेत. त्यात बीपीसाठी जेवणातले मीठ तोडलेले असेल तर आणखी भर. हे बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत होते. नेहमीची पातळी १३५ ते १४५. १३० च्या खाली गेली की मळमळ, डोके जड, चालताना झोक जाणे, सुस्ती सुरू होऊ शकते. १२५ च्या खाली गोंधळ, बरळणे, झटके. गंमत अशी की सुरुवातीची लक्षणे हुबेहूब नैराश्यासारखी दिसतात. घरचे म्हणतात गोळी लागू पडत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि सोडियम आणखी घसरते. म्हणून ‘गोळी सुरू केल्यापासून आई जास्तच मलूल झाली’ असे वाटले तर डोस वाढवण्याआधी रक्तातले सोडियम पाहायचे. वेळापत्रक साधे आहे: गोळी सुरू करण्याआधी एकदा, दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी, आणि प्रत्येक वाढीनंतर पुन्हा दोन आठवड्यांनी. कमी आले तर घरी मीठ-पाणी पाजून भरून काढायला जाऊ नका. इथे मीठ कमी नसून पाणी जास्त असते, आणि ग्लासभर पाण्यातून दिलेल्या चिमूटभर मिठाने ते पाणीच वाढते. सोडियम फार भराभर वर आणणेही मेंदूला घातक ठरते, त्यामुळे तो उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आईंच्या बीपीच्या डॉक्टरांना ‘एच’ काढून दुसरे काही देता येईल का, हे जरूर विचारा. एवढ्या एका बदलाने बराच धोका टळतो.

दुसरी काळजी रक्तस्रावाची. या गटातल्या गोळ्या रक्ताच्या गुठळ्या बांधणाऱ्या पेशी किंचित निकामी करतात. एकटी गोळी फारसे काही करत नाही. ॲस्पिरिन आणि एसेक्लोफेनॅकच्या जोडीला मात्र जठरातून रक्त जाण्याचा धोका चांगलाच वाढतो. डांबरासारखी काळी शौच दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गुडघ्यांसाठी पॅरासिटामोल आणि वरून लावायचे मलम चालते. ट्रामाडोल नको. एस्सिटालोप्रॅम मेंदूतले जे सेरोटोनिन वाढवते तेच ट्रामाडोलही वाढवते, सोडियमही घटवू शकते. जठराच्या संरक्षणासाठी पॅन्टोप्रॅझोल चालू ठेवायला हरकत नाही, पण साधे, ‘डी’ नसलेले. दुकानदाराने त्याऐवजी ओमेप्रॅझोल किंवा एसोमेप्रॅझोल दिले तर घेऊ नका. ही दोन यकृतातला एस्सिटालोप्रॅम मोडणारा विकर अडवतात. ओमेप्रॅझोलने त्याची पातळी सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढते. म्हणजे चिठ्ठीवर १० आणि शरीरात १५. सुरुवातीला एक ईसीजी काढलेला असावा. त्यातले क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेले क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या पुढे असेल तर हे औषध नकोच.

आता ५ चे १० कधी? एक-दोन आठवडे ५, सोडियम ठीक असेल तर १०. मग थांबायचे. तरुणात चार आठवड्यांत काहीच हालचाल नसेल तर पुढचा निर्णय घेतात. सत्तरीपुढे आठ, कधी बारा आठवडे लागतात आणि तेवढी वाट पाहण्यात शहाणपण असते. १० वर पुरेसा वेळ देऊनही फरक नसेल तर २० कडे जायचे नाही, औषध बदलायचे. सर्ट्रालिनला वयाची अशी मर्यादा नाही: २५ ने सुरू करून ५०, मग १००, गरज पडली तर त्यापुढेही जाता येते (सोडियमची तपासणी मात्र तीच). झोप आणि भूक दोन्ही गेलेली असेल तर रात्री मिर्टाझापिन ७.५ ने सुरू करून १५, ३० असे नेता येते. त्यात सोडियम घसरण्याचा धोका कमी असतो. ॲमिट्रिप्टिलिन मात्र या वयात नको. स्वस्त आहे, झोप येते, अंगदुखी थांबते, म्हणून अजूनही लिहिले जाते. पण तोंड कोरडे, शौचास घट्ट, लघवी अडकणे, उभे राहताच बीपी पडणे आणि गोंधळ, ही सगळी त्याची देणी. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या २०२३ च्या ‘बीअर्स’ यादीत वयस्कांसाठी टाळायच्या औषधांत ते आहे, पॅरॉक्सेटिनही आहे आणि अल्प्राझोलामचा सगळा गटही. मधुमेहाच्या पायांच्या जळजळीसाठी प्रिगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलिनची जोडगोळी मिळते, तीही याच नजरेने पाहावी.

भावाबद्दल. त्याच्या वयात आणि वजनाला २० योग्य आहे. पण २५ वर्षांखालच्यांत नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार थोडे वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी ही सूचना चौकटीत छापायला लावली. त्याच आकडेवारीत ६५ च्या पुढे हा धोका उलट घटलेला दिसतो. २७ हे वय त्या रेषेच्या थोडे पलीकडे आहे, पण शरीराला रेषा कळत नाही. सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर आठवड्याभरात भेट व्हावी. अस्वस्थता, एका जागी बसवत नाही, झोप उडाली, चिडचिड, ही चिन्हे दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. पट्ट्या एकदम तीन महिन्यांच्या आणून त्याच्या कपाटात ठेवू नका, घरातल्या कोणाकडे तरी असू द्या. रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

तरुणातला दुसरा धोका निदानाचा. पंचविशीतले पहिले नैराश्य हे पुढे दिसणाऱ्या द्विध्रुवी आजाराचे (ज्यात नैराश्य आणि उन्माद दोन्ही येतात) पहिले पान असू शकते, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली की उन्माद उसळू शकतो. भाऊ तीन तास झोपूनही ताजातवाना दिसू लागला, अखंड बोलू लागला, खर्च बेताल झाला, तर ‘बरा झाला’ म्हणून पेढे वाटू नका, डॉक्टरांना फोन करा. घराण्यात कोणाला असा आजार होता का, हे डॉक्टरांना सांगितले नसेल तर आता सांगा. तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही ती. लैंगिक इच्छा कमी होणे आणि वीर्यपतन लांबणे हे या गटात सर्रास होते, आणि तरुण मुले गोळी गुपचूप बंद करतात ती बहुतेक यामुळे. एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत चक्कर, झिणझिण्या, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होतात आणि त्याला वाटते आजार उलटला. डोस कमी करून, औषध बदलून यावर मार्ग निघतो, पण डॉक्टरांनी विचारायला हवे आणि त्याने सांगायला हवे. बरे वाटल्यावर भावाने आणखी सहा ते नऊ महिने गोळी घ्यायची. आईंनी किमान वर्षभर, कारण या वयात आजार उलटण्याचे प्रमाण जास्त.

एस्सिटालोप्रॅमबाहेर पाहिले की वयाचा हा काटा कधी कधी उलटा फिरतो. व्हॅल्प्रोएट चोविशीतल्या मुलीला उन्मादासाठी देणे टाळावे, हे आता जगभर मान्य आहे. गरोदरपणात ते चालू राहिले तर सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात व्यंग येते आणि तीस ते चाळीस टक्के मुलांत बौद्धिक वाढीच्या अडचणी. फॉलिक ॲसिडने हा धोका पुसला जात नाही. साठीतल्या बाईंना तेच औषध देता येते. तिथे हाताचा कंप, रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होणे आणि अमोनिया वाढून येणारी सुस्ती यावर लक्ष ठेवायचे. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या मुलीला लॅमोट्रिजिन (द्विध्रुवी आजारावरचे आणखी एक औषध) चालू असेल तर त्या गोळीतल्या इस्ट्रोजेनने लॅमोट्रिजिनची पातळी बरीच खाली येते. हेही चिठ्ठी लिहिताना विचारले गेलेले क्वचितच दिसते.

द्विध्रुवी आजारावरच्या लिथियममध्ये वयाचा फरक अगदी उघडा दिसतो. तरुणाला दिवसाला ९०० ते १२०० मिलिग्रॅम लागते आणि रक्तातली पातळी ०.६ ते ०.८ ठेवतात, तीव्र उन्मादात थोडी वर. पंचाहत्तरीत १५० किंवा ३०० ने सुरुवात करून ०.४ ते ०.६ पुरते, आणि कागदावर ‘योग्य’ असलेल्या पातळीलाही विषबाधा दिसू शकते: हात जोरात थरथरणे, जीभ जड, चाल लडबडणे, जुलाब. शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचे, सकाळची गोळी घेऊन नाही. टेल्मिसार्टन, थायाझाइड आणि एसेक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, तिन्ही लिथियम वाढवतात. म्हणजे ‘टेल्मिसार्टन-एच’ आणि गुडघ्यांसाठी एसेक्लोफेनॅक घेणाऱ्या माणसाला लिथियम लिहिणे हे तिहेरी संकट. जेवणातले मीठ अचानक तोडले तरी मूत्रपिंड सोडियम समजून लिथियम धरून ठेवते. विदर्भातला मे महिना, जुलाब, निर्जळी एकादशी, या दिवसांत लिथियम घेणाऱ्याने पाणी तोडायचे नाही. उलट्या-जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवायची. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम तरुणात सहा महिन्यांनी, वयस्कांत तीन महिन्यांनी.

भास-संशयाच्या औषधांत तरुण आणि वयस्क यांचे दुष्परिणामही वेगवेगळे. तरुण मुलाला हॅलोपेरिडॉल दिल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत मान वाकडी होते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. घरचे घाबरतात, कोणाला फिट वाटते, कोणाला अंगात आल्यासारखे. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने अर्ध्या तासात ते सुटते. वयस्कांत मान वळत नाही, सगळे अंगच आखडते: पावले घासत चालणे, चेहरा निर्विकार, लाळ गळणे. तोंडाच्या न थांबणाऱ्या हालचाली, चावल्यासारख्या, जुन्या पिढीच्या औषधांनी तरुणांत दर वर्षी पाच टक्क्यांच्या आसपास लोकांत सुरू होतात. वयस्कांत पहिल्याच वर्षी पंचवीस टक्क्यांच्या घरात.

आणि इथूनच गोळीवर गोळी चढत जाते. आजोबांना संशय येतो म्हणून रिस्पेरिडोन २. हात थरथरू लागले म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल (आपल्याकडे दोन्ही एकाच गोळीतही मिळतात). त्याने तोंड कोरडे, शौचास होत नाही, विसरभोळेपणा वाढला. विसरायला लागले म्हणून डोनेपेझिल. ते नेमके ट्रायहेक्सिफेनिडिलच्या उलटे काम करते, म्हणजे दोन गोळ्या पोटात एकमेकींशी भांडत असतात. बीपीसाठी मेटोप्रोलोल चालू असेल तर डोनेपेझिलने नाडी आणखी मंदावते आणि एक दिवस आजोबा भोवळ येऊन पडतात. अशा चिठ्ठीवर पाचवी गोळी लिहायची नसते. पहिलीचा डोस २ चा ०.५ करून ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू काढायचे असते.

डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) रिस्पेरिडोनसारखी भास-संशयाची औषधे देताना तर दहादा विचार हवा. २००५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने सतरा चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले. सुमारे दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णांत ४.५ टक्के मृत्यू, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २.६. मृत्यू बहुतेक हृदयविकाराने आणि न्युमोनियासारख्या संसर्गाने. तेच तेच विचारणे, घराबाहेर निघून जाणे, वस्तू लपवणे, हाका मारत राहणे यावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही, माणूस फक्त गुंगतो. आधी शौच तुंबले आहे का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, कुठे दुखते आहे का, ऐकायचे यंत्र बंद पडले आहे का, हे बघायचे. मारहाण किंवा घाबरवून सोडणारे भास असतील आणि दुसरा उपाय उरला नसेल तर रिस्पेरिडोन रात्री ०.२५, फार तर दिवसाला १, अपवादाने २, आणि सहा आठवड्यांनी कमी करून पाहायचेच. तरुणाच्या स्किझोफ्रेनियात याच औषधाचे ४ ते ६ मिलिग्रॅम लागतात. समोर लहान मुले किंवा प्राणी दिसतात, एका दिवशी शहाणे, दुसऱ्या दिवशी गोंधळलेले, झोपेत हातपाय झाडतात, चाल कंपवातासारखी, असे चित्र असेल तर तो लेवी बॉडी डिमेन्शिया असू शकतो. त्यात हॅलोपेरिडॉलचे एक इंजेक्शनही माणसाला लाकूड करून टाकते, जिवावरही बेतते. रुग्णालयात भरती करताना हे निदान केसपेपरवर ठळक लिहून घ्या.

आता आईंचे अल्प्राझोलाम. २०१३ च्या अधिसूचनेने ते शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत गेले. दुकानदाराने रुग्ण, डॉक्टर आणि नग वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. तरीही जुन्या चिठ्ठीवर ते वर्षानुवर्षे मिळत राहते. अकरा वर्षांनंतर ती गोळी झोप आणत नसते. न घेतल्यावर जी तगमग होते ती थोपवत असते. त्याच्या बदल्यात रात्री लघवीला उठताना तोल जातो. आईंचे बीपी पाच मिनिटे झोपवून घ्या, मग उभे करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल तर घाई जास्त. पण एकदम बंद मुळीच नको. झटके येऊ शकतात. शिवाय एस्सिटालोप्रॅम सुरू केले त्याच आठवड्यात हात घालू नये. ही गोळी पहिले काही दिवस स्वतःच अस्वस्थता वाढवते. मन थोडे सावरू द्या, चार-सहा आठवडे, मग सुरुवात.

०.२५ ची गोळी आणा, मधे रेघ असलेली. दीड गोळी, म्हणजे ०.३७५, दोन आठवडे. एक गोळी तीन आठवडे. अर्धी तीन ते चार आठवडे, मग बंद. शेवटचा टप्पा सर्वांत अवघड जातो, तिथे जास्त थांबले तरी चालेल, पण मागे जायचे नाही. एक दिवसाआड देऊ नका. या वयात तिचा अर्धकाळ सुमारे सोळा तास असतो, त्यामुळे एक रात्र भरती, एक रात्र ओहोटी होते. या काळात दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चारनंतर चहा नको, बीपीची ‘एच’ असलेली गोळी रात्री घेत असतील तर ती सकाळी घ्यायला डॉक्टरांना विचारा, बाथरूमच्या वाटेवर बारीक दिवा ठेवा. हळू विरघळणारे मेलाटोनिन २ मिलिग्रॅम काहींना उपयोगी पडते. प्रत्येक पायरीवर दोन-तीन रात्री वाईट जातील, हे आईंना आधीच सांगून ठेवा. त्या रात्री दुकानातून सर्दीची गोळी किंवा खोकल्याचे औषध आणून झोपवू नका. त्यातले क्लोरफेनिरामिन, आणि खाजेसाठी मिळणारे हायड्रॉक्सिझिनही, ॲमिट्रिप्टिलिनसारखेच तोंड कोरडे करते, लघवी अडवते आणि मध्यरात्री उठून ‘मी कुठे आहे’ असे विचारायला लावते.